नातीच्या नाळेचं रक्त

शुक्रवार, दिवेलागण

सकाळी नात झाली. काळंभोर जावळ, आणि बेंबीला दवाखान्यातली पिवळी चिमटी. आनंद पोटात मावत नाही, पण बाकड्यावर बसून पाय भरून आलेत. मन त्याहून जड.

नाळेच्या रक्तात म्हणे मूळपेशी असतात, त्यातून नवं रक्त तयार होतं. सून दीपा बाळंतपणाला आत जायच्या आधी लेक म्हणाला, "आई, ते आपल्याच बाळासाठी जपून ठेवू." दीपा म्हणाली, "दान करू." मग दोघंही माझ्याकडं बघाय लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आजार जन्मजात असला तर तो याच रक्तात असतो. मग बाळाला ते सहसा चालत नाही. दुसऱ्या कुणाला जुळलं तर जीव वाचेल."

मी म्हटलं, "मग देऊन टाका."

"व्हय! माझी नाळ मात्र गावाकडं कुरुळीत आपल्या गोठ्यामागं पुरलीस, आन् हिचं रक्त परक्याला," लेक म्हणाला. तेव्हापासून बोलत नाही. आता त्या गोठ्याच्या जागी कंपनीची शेड आहे, ते त्याला कोण सांगणार.

रक्ताची पिशवी गेली. राहून राहून वाटतं, उद्या हिलाच लागलं तर? आणि जिचं रक्त, तिला कुठं कुणी विचारलं?

चिमटीला घासू नये म्हणून दुपटं सरकवलं, तर पोरीनं माझं बोट धरलं. चिमटीसकट वाळकी नाळ गळली की ती गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायची. माती उकरायला लेकालाच बोलावते. तेव्हा तरी बोलेल.