कुडातली बोंडं

मरोळ,
२ मे १९५४

प्रिय सुगंधा,

तुझं पत्र नाही, म्हणजे तू सुखात आहेस असं मी धरून चाललोय. शाळेला सुट्टी लागली, त्यामुळे तुझ्या मास्तर बापाला ओरडायला कुणी उरलं नाही. म्हशीवर ओरडतो, ती ढिम्म.

टेकडीची पलीकडची बाजू खडीच्या खाणीने खाल्ली. तिथली कारवी सुरुंगांबरोबर गेली. आपल्या बाजूचा उतार अजून शाबूत आहे, पण उघडाबोडका. तुझी आई होती तेव्हा तू त्या जांभळ्या फुलोऱ्यात शिरायचीस आणि ती हाका मारून दमायची. कारवी सात वर्षं वाढते, एकदाच फुलते आणि मरते. म्हणून आईचा नियम होता, फुललेल्या कारवीला कोयता लावायचा नाही. पुढच्या पावसात बोंडं तडकून बी पडलं, की मग वाळल्या काठ्या आपल्या.

तुझ्या लग्नाच्या वर्षीच ती पुन्हा फुलली. तू म्हणालीस, "अण्णा, थांबा ना, आईची कारवी आहे." मी खेकसलो, "माहुलच्या वऱ्हाडाला उघड्या पडवीत बसवू?" सगळा उतार कापून पडवीला कारवीच्या काठ्यांच्या भिंतीचा कूड घातला. चार दिवसांच्या मानासाठी! उरलेले भारे तुझ्या सासऱ्यांनी त्यांच्या घराच्या कुडासाठी नेले. निघताना तू नमस्कार केलास, पण वर बघितलं नाहीस. गेल्या पावसाळ्यात उतारावर नुसतं गवत आलं.

दिवाळीत तुझ्याकडे आलो, तेव्हा तू चहा ठेवून आत गेलीस. मी तुझ्या स्वयंपाकघराचा कूड बघत बसलो. खाली शेणामातीने लिंपलेला, पण वर छपराजवळ काठ्यांची टोकं तशीच, वाळकी बोंडं धरून. घाईत मी ती झोडलीही नव्हती. एक बोंड खिशात टाकलं. लेकीच्या घरी चोरी केली म्हण. इथे वाटीतल्या पाण्यात घातलं, तर तट्‌कन फुटलं. दोन बिया निघाल्या. एक कुजली, दुसरीला डब्यात चार पानं आली आहेत.

सुगंधा, एका रोपाने उतार भरत नाही. माझ्या पडवीच्या कुडातली बोंडं गेल्या पावसाच्या झडीने फुटून अंगणात तुडवली गेली. आपल्या टेकडीचं उरलंसुरलं बी तुझ्या चुलीच्या धुरात टांगलेलं आहे. पावसाच्या आत ती टोकं छाटून आण. कुणाबरोबर पाठवू नकोस, तू ये. मी चुकलो, हे तुझ्या तोंडावर म्हणायला जमणार नाही, म्हणून लिहितोय. बी तूच पेर. कोयता मी शेजारच्या जयवंतला देऊन टाकलाय, आणि मी परत मागितला तरी द्यायचा नाही, असं त्याला बजावलंय.

वाट बघणारा, तुझाच,
अण्णा