खुर्चीतला प्रवास

प्रिय आईस, धाकटीचा नमस्कार.

सुखरूप पोचले. खोली आहे तशीच आहे, कुंडीतलं रोप तेवढं सुकलंय. तुझा गुडघा कसा आहे?

माझा चौदा तासांचा विमानप्रवास बाबाही करायचे, मोबाइल मांडीवर घेऊन, खुर्चीत बसून. मी उतरल्याचं कळेपर्यंत जेवायचे नाहीत. तू करवादायचीस, "उठा आता! विमान काय तुम्ही ढकलताय?"

या वेळी उतरले आणि सवयीने त्यांचाच नंबर लावला. बाबा गेले हे आठवायच्या आत, पहिल्याच रिंगला तू फोन उचललास. मागून दादाचा आवाज आला, "आई, पोचली ना ती? आता तरी दोन घास खा."

पुढच्या वेळी आधी जेव गं. मग खुशाल ढकल विमान.

तुझीच,
धाकटी