जाम झालेले बोल्ट

ट्रकच्या धुराच्या नळीतला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घरीच बदलायचा, असं नवऱ्यानं ठरवलं होतं. आजारातून उठल्यावरचं त्याचं हे पहिलंच काम. पण काल संध्याकाळी तो ट्रकखालून बाहेर आला, "बोल्ट जाम झालेत," एवढंच म्हणाला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी तो उठायच्या आत ती ट्रकखाली शिरली. तिनं पाना लावला, तर पहिला बोल्ट एका हिसक्यात फिरला. दुसराही तसाच. आजारपणात गेलेला त्याच्या उजव्या हातातला जोर अजून परतला नव्हता, हे तिला तेव्हा कळलं. मग तिनं दोन्ही बोल्ट बोटांनी हलकेच बसवले, हात धुतले आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

"अहो, मी सांध्यात बसवायची गॅस्केट आणायला जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गोळी चुकवू नका. बोल्ट खरंच हट्टी आहेत, मलाही दाद देईनात. गंज सुटायचं तेल मारून ठेवलंय. ते मुरलं की तुमच्या हातानं निघतील. कन्व्हर्टर मात्र एकट्यानं उतरवू नका, जड आहे. मी आलेच."

दुपारी ती परतली तेव्हा त्याच चिठ्ठीखाली त्याचं वाकडंतिकडं अक्षर होतं.

"बोल्टांवर तेलाचा थेंबही नाही, तरी बोटानं फिरतायत. तुला खोटं लिहिता येत नाही. जेवलोय, गोळीही घेतली. बाहेर ट्रकपाशी बसलोय. ये, पाना तू धर, मी सांगतो तसं कर."