समीक्षाचे तेरा लाख

७ जानेवारी
समीक्षाले तेरा लाख भेटले! तेरा!

दिवाळीच्या आधी गजेंद्र भाऊजी — माह्या धाकट्या जावेचा, समीक्षाचा नवरा — मोताळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून वारले. त्यायच्या विम्याचे पैसे आज तिच्या खात्यात आले. सासूबाई डोळे पुसत म्हणे, "पोरानं बायकोची सोय लावून ठेवली वं." माह्याकडं पाहून म्हणायची काय गरज होती? मी भाकरी जोरजोरानं थापल्या.

८ जानेवारी
ह्यायचीबी पॉलिसी तीच! दोघा भावायनं एकाच दिवशी आमच्या खताच्या दुकानात बसून एजंट सईदभाईजवळ सह्या केल्या. हप्ताबी सारखा. मंग आपलेबी तेराच ना?

सईदभाई खत न्याले आले, तेव्हा इचारलं.

"नाही भाभी. गजूभाईनं दोन्हीवाली घेतली होती. दहा लाखाचा विमा, वरून बाजारात वाढलेला तीन लाखाचा फंड. तुमच्यावालीत या दोघांतली जी रक्कम मोठी, तेवढीच भेटते. म्हणजे दहा."

म्हणजे तिच्या नवऱ्यानं तिले दोन्ही देल्लं. अन् माह्यानं मले एकच!

९ जानेवारी
ह्यायले इचारलं. हासले! "दोन्हीवालीत विम्याचा खर्च जास्त कापते वं. आपल्यात फंड जास्त वाढते. म्हातारपणी दोघं मिळून खाऊ म्हटलं. तुले मले मारायची घाई हाये काय?"

गोड बोलणं लय येते. भाऊजी कमी बोलत, पण करून गेले.

१६ जानेवारी
संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. वाण म्हणून स्टीलचे डबे देल्ले, चांगले घट्ट झाकणाचे. कोणी पाह्यलंबी नाई! कलाबाई म्हणे, "समीक्षाचा नवरा देवमाणूस." भिमाबाई म्हणे, "नवरा असावा तं असा." हळदीकुंकू माह्या घरचं अन् नाव तिचं!

ती भिंतीपल्याड एकटी होती. तिले आता कोणी बोलवत नाई. मीबी नाई बोलावलं. बरं झालं, म्हटलं मनात. जळते मी. हो, जळते!

२० जानेवारी
संक्रांतीपासून ह्यायच्याशी बोलणं बंद ठेवलं होतं. शेवटी म्हणे, "काय पाह्यजे तुले?" म्हटलं, दोन्हीवाली करा. सईदभाई म्हणते जुनी बदलत नाई, नवीन घ्या लागन. अन् ह्या वयात डॉक्टरची तपासणी लागन.

"करतो बाई तपासणी!"

जिंकली मी.

२४ जानेवारी
बुलढाण्याले तपासणी करून आले. येताना माह्यासाठी पेढे आणले. समीक्षाच्या दारावरून मी मुद्दाम पुडा हातात घेऊन गेली.

२९ जानेवारी
कंपनीनं नवीन पॉलिसी नाकारली. ह्यायच्या छातीच्या तपासणीत खराबी निघाली.

३१ जानेवारी
अकोल्याच्या डॉक्टरनं पाह्यलं. हृदयाच्या तीन नळ्या बंद. लवकरात लवकर ऑपरेशन करा म्हणे. सरकारी योजनेत नंबर केव्हा लागन, कोणाले माहीत! खाजगीत कराले पैसे नाईत.

सईदभाईले म्हटलं, आमच्या पॉलिसीतून पैसे काढून द्या. त्यायनं मान खाली घातली. "भाभी, विमा तर माणूस गेल्यावर. अन् फंड पाच वर्षं हलत नाही. तुमच्या पॉलिसीला तीनच वर्षं झाली."

दहा लाख हायेत. पण हे गेल्यावर! आग लागो त्या दहाले. मले हे पाह्यजेत. म्हातारपणी दोघं मिळून खाऊ म्हटलं होतं ह्यायनं. तेव्हा मी तोंड फिरवलं.

२ फेब्रुवारी
समीक्षा आली. उंबऱ्याच्या बाहेरूनच चेक पुढं केला. "ताई, दादांले आजच न्या. घरात एक कुंकू तरी राहू द्या."

मले नको म्हणता आलं नाई.