उजव्या पंखाखालची मोजकाडी

मामाजी,

तुमी जाऊन दोन महिने झाले. हे पत्र वाचायले तुमी नाही, मले समजते. पण परवा झालं ते तुमाले सोडून सांगू कोणाले? मामीपाशी विमानाचं नाव काढलं तर ती आधी रडेल, मग ऐकेल.

मी मुंबईच्या विमानतळावर जेटमध्ये तेल भरतो, हे तुमाले ठाऊक होतं. तरी साऱ्या जिनिंग फॅक्टरीत सांगत फिरले म्हणे, "भाचा विमान चालवते!" काहून हो? मी तर पंखाखाली उताणा पडणारा गडी!

हिवरखेडची शाळा सोडून पळालो, तेव्हा तुमीच अकोल्यात जिनिंगच्या इंजिनावर आपल्या हाताखाली ठेवून घेतलं. पहिल्याच आठवड्यात टाकीची काच पाहून मी म्हटलं, "अर्धी आहे." कानाखाली बसली! काचेची नळी गाळानं तुंबलेली, टाकी कोरडी. "काठी घालून सांग, लेका. काचेले काय जाते?" त्या चापटीचा राग मी किती वर्षं धरला!

परवा कलकत्त्याच्या जेटमध्ये तेल भरलं. तिकडे गडी कमी, म्हणून त्याच विमानानं मलेही धाडणार होते. जोडीदार म्हणाला, "काटा पुरं दाखवते, चाल ना!" माझा जीव मानेना. पंखाखालून मोजकाडी खाली ओढत न्यायची, थेंब टपकला की तिथला आकडा टाकीतलं तेल. दोन्ही बाजू मोजल्या, कागदावर लिवल्या.

विमान आपल्या वऱ्हाडावरून उडत असताना त्यातले इंजिनवाले साहेब माझ्यापाशी आले. हळूच म्हणाले, "उजव्या टाकीचा काटा शून्यावर पडलाय. गळती आहे की काटाच बिघडला, कळत नाही. तू मोजलं होतंस, का काटा बघून लिहिलंस? खरं सांग."

"मोजलं साहेब. हातानं."

मागं लेकरंबाळं खिडकीतून ढग पाहून राहिली होती. साहेबानं पंख न्याहाळला, तेलाचा फवारा दिसेना. इंजिनानं जाळलेलं तेल माझ्या आकड्यातून वजा केलं. तरी गळती असलीच तर डावीकडचंही जाऊ नये म्हणून टाक्यांची जोडनळी बंदच ठेवली, अन् विमान नागपूरकडे वळवलं. मी डोळे मिटून उजवं इंजिन ऐकत बसलो. तुमच्यासारखं.

सुखरूप उतरलो. साहेबासमोर पंखाखाली उताणा पडलो. मोजकाडी ओढत गेलो, ओढत गेलो... वजाबाकीच्या आकड्यावर आली अन् थेंब मनगटावर टपकला! काटाच खोटा होता.

साहेब वाकून म्हणाले, "कुणाच्या हाताखाली शिकलास रे?"

तुमचं पुरं नाव सांगितलं, मामाजी. गावासकट.

तुमी मले एकदा तरी "बरं केलं" म्हणायचं होतं ना! अन् मी तरी कुठं तुमाले शेवटचं भेटायले आलो?

कोणी कितीही घाई करो, मोजल्याबगर आकडा लिवणार नाही. अन् मामीपुढं बसून हे सारं सांगीन, त्या चापटीसकट.

तुमचा पळपुटा भाचा,
गजानन