नावाच्या पाटीला भोक पाडण्याबाबत

तीर्थरूप मामांस, भाचीचा उभ्याउभ्याच नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण आपल्या कारखान्यात जमिनीजवळ थिनरचा वास जास्त असतो, खाली गेलेली भाची वर आलीच नसती.) तुमचा खोकला कसा आहे? ताईने कळवलं, की तिच्याकडे गेल्यापासून तो अगदी थांबलाय, आणि तुम्ही सकाळी घरभर खिडक्या उघडत फिरता. वाचून बरं वाटलं. इथे सगळे मजेत आहेत. जरा जास्तच मजेत आहेत, ते पुढे लिहिते.

विषय आपल्या पॉलिशच्या खोलीचा. ओल्या पॉलिशवर धूळ बसते म्हणून तुम्ही तिथल्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्यात. त्यामुळे आपली कपाटं चकचकीत असतात, कबूल. पण आपल्या मिस्त्रींची छाती भात्यासारखी वाजते. चार हात मारले की थांबतात, दाराशी येऊन श्वास घेतात, पुन्हा आत जातात. डॉक्टरांनी त्यांना स्पष्टच सांगितलंय, एक तर खोलीतली हवा बदला, नाहीतर काम बदला. या वयात ते दुसरं काय काम करणार? हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही हातावर हात ठेवून बसला नाहीत, हेही खरं. आधी गुलाबाच्या वासाचा फवारा पाठवलात. (आता खोलीत कुणीतरी गुलाबाला पॉलिश केल्यासारखा वास येतो.) मग हवा शुद्ध करणारं म्हणून कुंडीतलं झाड पाठवलंत. ते बिचारं आठवड्यात पिवळं पडलं, म्हणून त्याला बाहेर अंगणात हलवलं. झाडाला रजा मिळाली, मिस्त्रींना नाही. मग कापडी मास्क आले, ज्यांतून थिनर स्वतःच्या घरात शिरावं तसा ये-जा करतो. आणि वर तुम्ही म्हणालात, मी त्या खोलीत उभा जन्म काढला, मला काय धाड भरली? (मामा, तुम्ही सध्या ताईकडे कशासाठी गेला आहात, ते मी मुद्दाम लिहीत नाही.)

शेवटी मामीने तुमचे कान उपटले. माणसं कामाला ठेवलीत तर त्यांना धड श्वास घेता येतोय का, हे बघणं मालकाचंच काम, असं तिने सुनावलं, तेव्हा कुठे तुम्ही हवा बाहेर फेकणारा पंखा मंजूर केलात. पण अट अशी, की रस्त्याकडच्या भिंतीला हात लावायचा नाही, कारण तिच्यावर तुमच्या नावाची नवी कोरी पाटी आहे. इलेक्ट्रिशियन नको तितका आज्ञाधारक निघाला. ती भिंत सोडली तर मोकळी भिंत एकच, माझ्या हिशेबाच्या खोलीची. त्याने तिथे पंखा बसवला. आता तो मिस्त्रींच्या खोलीतली सगळी हवा इमानेइतबारे माझ्या टेबलावर आणून ओततो, आणि माझी खिडकीही बंदच, त्यामुळे तीच हवा दाराखालून पुन्हा मिस्त्रींकडे जाते. परवा एक गिऱ्हाईक खुर्ची डुगडुगते म्हणून तावातावाने भांडायला आलं. माझ्यासमोर बसल्या बसल्या त्याचा पारा उतरला, मग ते उगाच हसायला लागलं, खुर्चीची तोंड भरून स्तुती केली आणि खुर्ची इथेच विसरून घरी गेलं. तुम्हाला यात धंद्याचा फायदा दिसेल, म्हणून आधीच सांगते, माझं डोकं दुपारपासून ठणकतं आणि जेवण जात नाही.

तेव्हा पाटीला भोक पाडायला परवानगी द्यावी. ते नेमकं तुमच्या आडनावावर येतंय, त्याला माझा इलाज नाही. पण लोकांनी नाव मोठं आणि लक्षण खोटं म्हणण्यापेक्षा नाव थोडं कमी दिसलेलं काय वाईट? मामीला नमस्कार, ताईच्या पिल्लाला पापा.

तुमची आज्ञाधारक (असं लिहिण्याची ही बहुधा शेवटची वेळ) भाची.

ता. क. भोक कालच पाडलं. पंखा तिकडे हलवला, माझी खिडकी उघडून तिला धूळ अडवणारं कापड लावलं, आणि दोन खोल्यांमधलं जुनं भोक चांगली हवा आत यायला ठेवलं. तुमच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं शाबूत आहेत, उरलेलं आडनाव गरगर फिरतं. मिस्त्रींनी अख्खं दार एका दमात पॉलिश केलं, एकदाही बाहेर आले नाहीत. मला इतका आनंद झाला, की मी कामधंदा सोडून बघतच उभी राहिले.

आणखी एक. भिंतीला छिन्नी लावण्याआधी मिस्त्रीच आडवे आले होते. माझी छाती नाजूक, त्यात मालकांचा काय दोष, त्यांच्या नावाला धक्का नको, असं म्हणत होते. मालकांना विचारलंत का, हे परत परत विचारत होते. मी म्हटलं, विचारलं की. मामा लगेच हो म्हणाले, वर म्हणाले, मिस्त्रींपेक्षा पाटी मोठी आहे काय? ते ऐकून मिस्त्रींनी डोळे पुसले आणि बाजूला सरकले. आता मी बोलून बसलेय, मामा. तेवढं एकदा तुम्ही त्यांना फोन करून म्हणा.