नीलाची प्लेट

२ फेब्रुवारी १९५३, सोमवार
एकदाची नोकरीला चिकटले! मुलुंडचं हे हॉस्पिटल लहानसंच, पण प्रयोगशाळा झकास. खिडकीतून डोंगर दिसतो, अलीकडे वाळत घातलेल्या चादरी. घाटकोपरहून निघताना मामीनं नाक मुरडलंच. म्हणाली, जयंते, बी.एस्सी. होऊन लोकांचा पू तपासणार? शोभतं का? मी म्हटलं, शोभतं, आणि आवडतंही.
वॉर्डातून आलेला पू प्लेटमधल्या घट्ट थरावर पसरायचा. त्यावर पेनिसिलिन, ऑरिओमायसिन अशा औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी जिच्याभोवती जंतू वाढलेले नसतात, मोकळं कडं दिसतं, त्या टिकलीचं औषध लागू. थरात जंतूंना खाद्य म्हणून रक्त घालावं लागतं. मेंढीचं रक्त इथवर येईतो नासतं, म्हणून माणसंच आळीपाळीनं आपलं देतात. आज माझं घेतलं. डॉ. विद्याधर कोठारे, आमचे साहेब, फार मऊ बोलतात. सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
इथे जंतूंना खाटेचा नंबर असतो. एकालाच नाव आहे, नीला. साहेब रोज विचारतात, नीलाला नवी प्लेट दिलीत ना, जयंतीबाई? उपाशी नाही ना राहिली? मला हसू आवरेना.
मग लवूनं सांगितलं. लवू म्हणजे भांडी उकळणारा आमचा मालवणी म्हातारा. नीला साहेबांची मुलगी. गुडघा खरचटल्याचं निमित्त झालं, पेनिसिलिन लागू पडलं नाही, पोरगी गेली. तिच्या जखमेतले जंतू साहेबांनी जिवंत ठेवलेत, त्यांना मारणारं औषध सापडेपर्यंत. माझं हसू कुठल्या कुठे पळालं. फार वाईट वाटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
परदेशातून आलेल्या औषधाची टिकली काल नीलावर ठेवली होती. आज तिच्याभोवती रुपयाएवढं मोकळं कडं! धावत जाऊन साहेबांना दाखवलं. वाटलं, पेढे मागवतील. त्यांचा चेहराच पडला.
कड्याच्या आत जंतूंचे दोन-चार ठिपके तगले होते. साहेबांनी तेवढेच तारेच्या टोकानं उचलून नव्या प्लेटवर लावले. बाकीचे उकळून टाकायला सांगितले.
मनात पाल चुकचुकली. शत्रू मेल्याचा आनंद नाही, आणि तगलेले जपायचे?

१८ फेब्रुवारी, बुधवार
तेच औषध, तीच नीला. कडं नखाच्या कोरेएवढं उरलंय. साहेब तिला मारत नाहीत, प्रत्येक औषधातून वाचायला शिकवताहेत. आणि ‘आळीपाळी’ कसली? दर खेपेला माझंच रक्त. लवूचं घ्या म्हटलं, तर म्हणाले, त्याचं तिला मानवत नाही.
दुपारी लवूनं जिन्यात गाठलं. "बाय, आता रगात देव नको गो. आदी वनमालाबायचा घेय होते."
वनमाला माझ्या जागेवर होती. साहेब सांगतात, लग्न होऊन नागपूरला गेली. लवू म्हणतो, इथेच कोपऱ्यातल्या खोलीत वारली. कुणाचं खरं मानू? दोन प्लेटा लावल्यात, एक लवूच्या रक्ताची, एक माझ्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
लवूच्या प्लेटवर नीला मरतुकडी. माझ्या प्लेटवर दाट, काठोकाठ.
सरळ निघून जावं. पण ही वॉर्डात सुटली तर? एकाही रोग्याला एकही औषध लागू पडायचं नाही. उद्या निकाल लावते.

२१ फेब्रुवारी, शनिवार
साहेब वॉर्डात होते. नीलाच्या सगळ्या प्लेटा, सगळ्या नळ्या वाफेत उकडून काढल्या. एकही ठेवली नाही. ते आले तेव्हा तोंडावर सांगितलं. वाटलं, अंगावर धावून येतील.
ते हसले. माझी बाही वर सरकवली. जिथे सुई टोचायचे, तिथे लाल फोड. मला वाटलं होतं, डास चावला.
म्हणाले, नीला कुठे गेलीय?

२३ — सोमवार
काल फोडातला पू प्लेटवर लावला. होती नव्हती ती प्रत्येक टिकली ठेवली. आज पाहिलं. कडं कुठेच नाही.
अंगात फणफणून ताप. कोपऱ्यातल्या खोलीत निजवलंय. बाहेरून कडी. मामीला निरोप धाडलाय म्हणे, संसर्ग आहे, भेटायला येऊ नका. लवूला सुट्टी दिली — कुणी मागितली होती?

मंगळवार असावा
हात खांद्यापर्यंत सुजला. साहेबांच्या खिशात कुपी आहे. नवं औषध, आजच आलेलं — नीलानं अजून न पाहिलेलं. मी वाचेन त्यानं. पाया पडले. मामीची शपथ घातली. द्या ना —
म्हणाले, वेडी का तू? यानं ती मरेल.

कुपी मोरीत ओतली. माझ्या डोळ्यांदेखत — नळ सोडला —
कुणीतरी या. मामी —

उशाशी बसलेत. दूध आणलंय. पेले दोन. म्हणतात, दोघींनी पिऊन झोपायचं. मी ओरडतेय, मी एकटी आहे इथे, मी जयंती — ते दंडावर वाकून बोलताहेत, माझ्याशी नाही — आणि फोड आतून त्यांना ओ देतोय —